पेट्रोल महागल्यामुळे दूध वाहण्यासाठी आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी घोडा-टांगा परवडेल का?

अनेरकाठ

नमस्कार मंडळी. माझे गाव शिरपूर तालुक्यात अनेर नदीच्या बाजूला आहे. आमचे आणि भाऊबंदांचे मिळून ४० लिटरचे ३ कॅन दूध रोज सकाळी ७ किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर पोहोचवावे लागते. त्यासाठी मालवाहू रिक्षा लावली असून तिचे भाडे आता दिवसाला ३५० रुपयांवर गेले आहे. याखेरीज शेत, बाजार आणि मुलांची शाळा या फेऱ्यांत मोटारसायकल दिवसाकाठी सहज ३० किलोमीटर फिरते. महाराष्ट्रात २०२१ च्या मध्यापासून पेट्रोल लिटरला १०० रुपयांच्या वरच राहिले आहे आणि ते पुढेमागे स्वस्त होईल या आशेवर घरखर्च बसवण्याची माझी तयारी नाही.

घरी दादर ज्वारीचा कडबा असतो, विहिरीच्या कडेला थोडा लसूणघास आहे आणि गोठ्यात एका जनावराची जागा रिकामी आहे. त्यामुळे येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून एक घोडा आणावा आणि त्याला रबरी चाकांचा हलका टांगा जोडावा, असा विचार मनात घोळतो आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना तो पटतो, तर काहींना निव्वळ खूळ वाटते. घोड्याचा खरा खर्च किती येतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो काम करू शकतो का, कायद्याची बंधने कोणती आणि यात्रेत जनावर पारखताना काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे. हौसेने घोडा पाळणारे पुष्कळ भेटतात, पण त्याला रोज कामाला जुंपणारा आमच्या आसपास कोणी उरलेला नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

पांझराकाठ

दादा, तुमच्या प्रश्नात दोन निराळी कामे एकत्र आली आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय हिशेब लागणार नाही. मोटारसायकलीचे काम एका-दोघा माणसांना नेण्याचे आहे, रिक्षाचे काम ओझे नेण्याचे आहे. घोडा पहिल्या कामात हरतो आणि दुसऱ्या कामात कसाबसा तग धरतो, असे माझे मत आहे. त्याची आकडेमोड मांडतो.

साधारण साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला ७ किलोच्या आसपास कोरडा आहार लागतो. त्यात कामाच्या घोड्याला चंदी म्हणून दीड-दोन किलो हरभरा किंवा तत्सम धान्य द्यावेच लागते, कारण नुसत्या कडब्यावर तो ओढकाम करू शकत नाही. हरभरा ६० रुपये किलो धरला तर चंदीचे १२० रुपये झाले. कडबा आणि घास यांचे बाजारभावाने ६५ रुपये धरा, आणि नालबंदी, औषधपाणी, साजाची दुरुस्ती यांचे सरासरी ३० रुपये. एकूण दिवसाला २१५ रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ७८ हजार. कडबा घरचा आहे म्हणून तो हिशेबात धरू नये, असे अनेकांना वाटते, पण तोच कडबा विकून पैसे येऊ शकतात किंवा त्यावर एक गाय पोसता येते, म्हणून मी तो पूर्ण भावाने धरला आहे.

आता मोटारसायकल. ३० किलोमीटरला ५० च्या सरासरीने ०.६ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे १०५ रुपयांच्या भावाने ६३ रुपये, आणि देखभालीचे आणखी १५ रुपये. घोड्याने तिची बरोबरी करायची असेल तर पेट्रोल लिटरला ३३० रुपयांच्या पुढे जावे लागेल. शिवाय मोटारसायकल उभी असेल त्या दिवशी काहीही मागत नाही, घोडा मात्र पावसात, आजारपणात आणि सुट्टीतही तेवढेच खातो. त्यामुळे शाळा-बाजाराच्या फेऱ्यांसाठी घोडा घेण्याचा विचार सोडून द्यावा, हे मी स्पष्टच सांगतो.

दुधाची गोष्ट वेगळी आहे. रिक्षाचे भाडे वर्षाला सुमारे १ लाख २८ हजार होते. घोड्याचा खर्च वजा केला तर ४९ हजारांच्या आसपास उरतात. त्यातून घोडा लंगडला, नाल निसटली, टांग्याचा कणा मोडला अशा कारणांनी वर्षातून महिनाभर तरी रिक्षा बोलवावीच लागेल, असे गृहीत धरून १०,५०० वजा करा. राहिले ३८-३९ हजार, म्हणजे दिवसाला शंभराहून थोडे अधिक. त्याच्या बदल्यात खरारा, लीद काढणे, साज चढवणे-उतरवणे आणि टांगा हाकणे यांत घरातल्या एका माणसाचे रोज किमान दोन तास जातील. घोडा आणि टांगा विकत घेण्याची रक्कम मी यात धरलेलीच नाही. ज्या घरात सकाळचे ते दोन तास खरोखर मोकळे आहेत त्यांनाच हा व्यवहार जमेल.

गिरणाकाठ

मग बैल काय वाईट? खिलारी नसली तरी साधी गावठी जोडी बहुतेकांच्या दावणीला आहे. बैल रवंथ करणारे जनावर असल्याने कडब्यातून घोड्यापेक्षा अधिक सत्त्व काढतो, त्याला हरभऱ्याची चंदी लागत नाही आणि तोच बैल वखर-कोळप्यालाही चालतो. खानदेशात शेतीच्या कामाला घोडा जुंपण्याची रीत नाही, त्यामुळे टांग्याची एक फेरी झाली की उरलेला दिवस तो दावणीला उभा राहणार.

पांझराकाठ

आपला मुद्दा रास्त आहे, पण येथे प्रश्न दुधाचा आहे. बैलगाडी तासाला ३-४ किलोमीटर चालते, म्हणजे ७ किलोमीटरला दोन तास लागले. वैशाखात दोन तास उघड्यावर राहिलेले दूध केंद्रावर तपासणीत परत येण्याची भीती असते. घोडा दुडक्या चालीने तासाला १२ किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणून हेच अंतर तो पस्तीस-चाळीस मिनिटांत तोडतो. कापूस, कडबा, खत अशा घाई नसलेल्या मालासाठी मात्र मीही बैलालाच मत देईन.

पशुवैद्यक, जळगाव जिल्हा

मी जनावरांवर उपचार करण्याचे काम करतो आणि माझ्याकडे येणारे बहुतेक घोडे लग्नाच्या वरातीतले असतात. त्यांच्यापेक्षा कामाच्या घोड्याची निगा अधिक काटेकोर असावी लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी उन्हाळा. जळगाव, भुसावळ, शिरपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ओझे ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार तापमान ३७ अंशांच्या वर जाते अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर जुंपता येत नाही. दिवसभरात एकूण ९ तासांपेक्षा अधिक आणि सलग ५ तासांपेक्षा अधिक काम घेण्यासही मनाई आहे. प्रश्नकर्त्यांचे काम सकाळचे असल्याने नियमाची अडचण येऊ नये, पण परतीची वाट नऊ-साडेनऊच्या आत संपेल अशी वेळ बांधून घ्यावी. घोड्याला माणसासारखा भरपूर घाम येतो आणि घामाबरोबर क्षार निघून जातात. म्हणून चंदीत रोज मूठभराहून कमी, साधारण ३० ग्रॅम खडेमीठ द्यावे आणि उन्हाळ्यात त्यात थोडी वाढ करावी. त्याला एरवी दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी पुरते, पण उन्हातल्या कामाच्या दिवसांत हे प्रमाण दुप्पट होऊ शकते, आणि ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तेथे ही गोष्ट आधीच विचारात घ्यावी. तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी ओतले तर त्याला झटका येतो, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. पुन्हा पुन्हा पाणी ओतणे हाच त्याला थंड करण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे.

दुसरी बाब चाऱ्याची, कारण गाईला जे चालते ते सर्व घोड्याला चालत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, त्याचे जठर लहान असते, आणि म्हणून एकदम पोटभर धान्य खाल्ले किंवा चारा अचानक बदलला तर पोटशूळ उठून तो काही तासांत दगावू शकतो. चंदी दोन-तीन वेळांत विभागून द्यावी. गाई-म्हशींच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. रवंथ करणाऱ्या जनावरांना ते मानवते, पण घोड्याच्या हृदयावर घातक परिणाम करते, म्हणून गोठ्यातले पोते समोर आहे म्हणून त्यातले खाद्य घोड्यापुढे ओतू नये. आपल्याकडे मका भरपूर पिकतो आणि पावसात भिजलेली कणसे जनावरांकडे वळवली जातात. बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूचा अक्षरशः चिखल करतो आणि त्यावर उपाय नाही. हिरवी ज्वारी सतत खाऊ घातल्यास मूत्राशय आणि मागचे पाय निकामी होऊ लागतात. वाळलेला, स्वच्छ कडबा चालतो, पण त्याला घासाची जोड द्यावी.

रोगांपैकी तीन नावे लक्षात ठेवावीत. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, कारण गोठ्याची जमीन, लीद आणि खुरात घुसणारे खिळे हे सगळे त्याच्या वाट्याला येते. सुरुवातीला महिन्या-सव्वा महिन्याच्या अंतराने लशीचे दोन डोस द्यावेत आणि नंतर दरवर्षी एक डोस चुकवू नये. सर्रा हा रोग डासांनी नव्हे, तर चावऱ्या गोमाश्यांनी पसरतो. पावसाळ्यानंतर ताप येऊन-जाऊन राहिला आणि पायांवर सूज दिसली तर रक्त तपासून घ्यावे. तिसरा ग्लँडर्स. हा माणसालाही होऊ शकतो, २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे आणि बाधित जनावराला दयामरण द्यावे लागते. यात्रेत ठिकठिकाणचे घोडे एकत्र येतात, म्हणून खरेदीपूर्वी रक्ततपासणीचा दाखला मागणे हा तुमचा हक्क आहे, आणि विकणाऱ्याने टाळाटाळ केली तर तो घोडा कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. अशा तपासणीसाठी हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. नमुना कसा पाठवायचा हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारता येईल.

टांगेवाल्याचा नातू

आमच्या घराण्यात चाळीसगाव स्टेशनवर टांगा चालत असे. एके काळी भुसावळ, जळगाव, धुळे, अमळनेर अशा प्रत्येक स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागत असे. ती रांग ऑटोरिक्षांनी संपवली आणि तिच्याबरोबर टांग्याच्या भोवतीची माणसेही गेली. माझ्या मते अनेरकाठ दादांची खरी अडचण घोडा मिळण्याची नाही, नालबंद मिळण्याची आहे.

डांबरी रस्त्यावर रोज १४-१५ किलोमीटर दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्याची नाल चार ते सहा आठवड्यांत झिजते. बैलाला पत्री मारणारे कारागीर अजून गावोगाव फिरतात, परंतु त्यांच्याकडून घोड्याला नाल ठोकून घेऊ नये. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, त्याला आडवा पाडून दोन पातळ पत्र्या ठोकतात. घोड्याचा खूर अखंड असतो आणि त्याला उभ्यानेच पाय मांडीवर घेऊन नाल मारतात. आधी वाढलेला खूर चाकूने कापून, कानशीने सपाट करून घ्यावा लागतो, मग नाल खुराच्या आकाराला वळवावी लागते, आणि खिळा असा तिरका मारावा लागतो की त्याचे टोक खुराच्या बाहेरच्या भिंतीतून वर निघेल. ते टोक मोडून मागे वळवतात. खिळा सुताभराने आत गेला की तो जिवंत भागात रुततो आणि घोडा दुसऱ्या दिवशी पाय टेकत नाही. म्हणून घोडा घेण्याआधी, वरातीचे घोडे बाळगणाऱ्यांकडे चौकशी करून, नालबंद किती दिवसांनी आणि कोणत्या गावापर्यंत येतो, हे पक्के करावे.

टांग्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन चाकांच्या गाडीत ओझ्याचा तोल कण्यावर बसला पाहिजे. कॅन मागे सरकले तर गाडी उलार होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला वर ओढतो. कॅन पुढे आले तर गाडी धुरजड होते आणि सगळा भार त्याच्या पाठीवर येऊन खोगिराखाली जखम पडते. जाताना भरलेले आणि येताना रिकामे कॅन असणार, म्हणून हाकणाऱ्याची बैठक पुढे-मागे सरकवता येईल अशी करून घ्यावी. आमचे आजोबा गाडी भरली की दांडी दोन बोटांनी उचलून पाहत. ती तेवढ्यावर उचलली गेली तरच घोडा जोडत.

तापीकाठची लेक

माझे माहेर शहादा तालुक्यातले, त्यामुळे सारंगखेड्याची यात्रा लहानपणापासून पाहिली आहे. एकमुखी दत्ताच्या या यात्रेत मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास देशभरातून घोडे येतात, पण तेथला बाजार मुख्यतः शौकिनांचा आहे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची किंमत उंची, कानांची ठेवण, नुकरा (पांढराशुभ्र) किंवा पंचकल्याण (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा) असा रंग, अंगावरचे भोवरे म्हणजे केसांची गोल वळणे आणि नाचकाम यांवर ठरते, आणि ती लाखांच्या घरात जाते. दादांना यातले काहीच लागत नाही. उलट डोळ्याखालचा भोवरा अशुभ मानून शौकीन ज्याला हात लावत नाहीत, असा एखादा धडधाकट घोडा तुलनेने कमी किमतीत मिळू शकतो, कारण भोवऱ्याचा आणि ओढकामाचा काही संबंध नाही.

पारख करताना दाताने वय पाहावे. सहा ते दहा वर्षांचा, थोडा बुटका, रुंद छातीचा आणि आखूड पाठीचा घोडा ओढकामाला बरा. त्याला यात्रेच्या मऊ रेतीत पळताना पाहून निर्णय घेऊ नये, कडक रस्त्यावर चालवून आणि दुडकवून पाहावे, कारण लंगडेपणा रेतीत लपतो. नाचाला शिकवलेला घोडा अजिबात घेऊ नये. वाजंत्री ऐकली की तो जागच्या जागी पाय उचलू लागेल, आणि लग्नसराईत रस्त्याने दूध नेताना ही सवय जिवावर बेतू शकते. शक्य असेल तर आधीपासून गाडीला जुंपलेला, ट्रकच्या भोंग्याला सरावलेला घोडा शोधावा, मग तो दिसायला साधा का असेना. आणखी एक, घोडा कळपात राहणारे जनावर आहे. त्याला एकट्याला बंद खोलीत ठेवू नका, गाई-बैलांच्या नजरेसमोर बांधा.

गिरणाकाठ

सगळी चर्चा वाचून एक मोठे उदाहरण आठवले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाला मिळणारे स्वस्त तेल आटले आणि तेथल्या लहान शहरांत घोडागाड्या ठरावीक मार्गांवर बससारख्या धावू लागल्या. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागल्या होत्या. दोन्ही ठिकाणी इंधन नुसते महाग नव्हते, ते मिळतच नव्हते. आज खानदेशात ते मिळते आहे, म्हणून लोक कुरकुर करत का होईना मोटारसायकलच वापरणार, आणि त्यात त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. तरीही ज्यांच्याकडे चारा आहे आणि अंतर थोडे आहे अशा काही घरांनी ही विद्या जिवंत ठेवली, तर मला मनापासून आनंद होईल.

अनेरकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाळा-बाजारासाठी घोड्याचा विचार मी सोडला आहे. दुधासाठी मात्र तो अजून मनात आहे, कारण धाकट्या भावाची सकाळ मोकळी असते आणि त्याला जनावरांची मनापासून आवड आहे. एक शंका उरते. केंद्रावर जाण्यासाठी बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याचा साधारण ३ किलोमीटरचा तुकडा लागतो आणि त्यावरून पहाटे केळीचे ट्रक भरधाव जातात. तेथे टांगा चालवणे योग्य आहे का? आणि परतताना शेजारच्या मुलांना टांग्यात बसवले तर चालेल का?

टांगेवाल्याचा नातू

दादा, शिवारातून गाडीवाट असेल तर ती लांब पडली तरी तीच धरा. मातीवर नालही कमी झिजते आणि घोड्याचे सांधेही वाचतात. मोठ्या रस्त्याला पर्यायच नसेल तर उजाडण्यापूर्वी त्यावर पाऊल ठेवू नका. टांग्याच्या मागे आणि दोन्ही चाकांजवळ चमकणाऱ्या लाल पट्ट्या लावा, मागे एक दिवा ठेवा आणि घोड्याला झापडे बांधा, म्हणजे बाजूने जाणारा ट्रक त्याला अचानक दिसून तो बुजणार नाही. ट्रकचा आवाज मागून आला की लगाम खेचू नये, हलका धरून त्याच्याशी बोलत राहावे. पहिला महिनाभर रिकामा टांगा आणि सोबत एक माणूस असेच जा, दूध रिक्षानेच पाठवा.

पशुवैद्यक, जळगाव जिल्हा

मुलांविषयी सांगतो. मी वर ज्या नियमांचा उल्लेख केला, त्यांनुसार हाकणारा आणि ६ वर्षांखालील मुले सोडून ४ पेक्षा अधिक माणसे गाडीत बसवता येत नाहीत. पण तुमच्या बाबतीत मी एकही मूल बसवू नका असेच म्हणेन, निदान घोडा त्या रस्त्याला पूर्ण सरावेपर्यंत. खरेदीनंतर घोडा घरी आला की त्याला दोन-तीन आठवडे गोठ्यातल्या इतर जनावरांपासून दूर बांधा, त्याची पाण्याची बादली वेगळी ठेवा आणि त्या मुदतीत धनुर्वाताचा पहिला डोस आणि जंतांचे औषध उरकून घ्या. सारंगखेड्याला निघण्याच्या आदल्या आठवड्यात तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन लस शिल्लक आहे का, हेही विचारून ठेवा.